सहावा दिवस

खंडोबाचे टाक या वर्षी पहिल्यांदाच गाव सोडून शहरात आले. आवडाबाईंनी ते लाल फडक्यात बांधले, गंगापूरहून निघालेल्या एसटीत खिडकीशेजारी बसून सबंध वाटभर पोटाशी धरले, आणि मंगळवारी, मार्गशीर्षाच्या पहिल्याच दिवशी, मुकुंदवाडीत थोरल्या लेकाच्या, कारभारीच्या घरी घट बसला. रविवारी चंपाषष्ठी. तोवर सहा दिवस देवाचा मुक्काम इथंच.

वच्छलाबाईचे पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हते. लग्नाला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत देवाचं सगळं गावाकडं, धाकट्या दिराच्या घरी. ही आपली चार दिवस जायची, रोडगे थापायची, भांडी घासायची आणि परत यायची. यंदा सासूबाई आपणहून म्हणाल्या, "यंदा देव कारभारीच्या घरी." कारणही तसंच होतं. नातीला, गंगासागरला, पोलीस भरतीच्या ग्राउंडचं बोलावणं आलं होतं. आवडाबाई नवस बोलल्या होत्या की पोरीला बोलावणं आलं तर चंपाषष्ठीचा नैवेद्य तिच्याच हातानं दाखवीन. आता देव आले होते, पोर घरात होती, रविवार पाच दिवसांवर होता. वच्छलाबाईनं समोरच्या खोलीतला टीव्हीसुद्धा कापडानं झाकून टाकला होता.

दुपारी जेवणं उरकली तशी द्वारकाबाई स्वयंपाकघरात आली. ही धाकटी जाऊ. गावाहून सासूसोबत आलेली. अंगानं सडपातळ, बोलायला चटपटीत, आणि कुणाच्याही लग्नात आधी हिचीच आठवण निघणार अशी. तिनं दार लोटून घेतलं, पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढली आणि ओट्यावर ठेवली.

"अक्का, गंगूची तारीख कधीची हाय?"

वच्छलाबाई भाजी निवडता निवडता थांबली. "असंल की याच हप्त्यात."

"असंल म्हणजी? तू माय ना तिची? मला गावातल्या सोनवण्याच्या सुनेची तारीख ठाऊक असती." द्वारकाबाई हसली. "बरं, जाऊ दे. उद्यापासून सकाळ-दुपार-सांजच्याला एकेक दे. रविवार पार पडला की बंद. काय फिकीर करू नको, मेडिकलवाला काय विचारत बी नाय. 'घरी कार्यक्रम हाय' म्हणलं की काढून देतो."

भावकीतल्या सगळ्या बायांना हे ठाऊक होतं. लग्न असो, सत्यनारायण असो, नवरात्र असो, बाया आधी द्वारकाबाईला गाठायच्या. तिच्या पिशवीत पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांची पट्टी असायचीच. वच्छलाबाईनंही दोनदा घेतली होती. दोन्ही वेळा नंतरची पाळी अशी काही आली की ती भिंतीला धरून चालली होती. पण तेव्हा कार्यक्रम नीट पार पडला, हेच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. आताही तिच्या मनात पहिला विचार तोच आला. देव पहिल्यांदा घरी आलेत, काही उणं राहायला नको.

दार ढकलून गंगासागर आत आली. वीस वर्षांची, उन्हानं रापलेली, केस घट्ट बांधलेले. सकाळचा सराव करून आली होती, अंगात अजून ट्रॅकपँट होती. तिनं पट्टी पाहिली आणि काय चाललंय ते तिला सांगावं लागलं नाही.

"काकू, ह्या बंद केल्यावर किती दिवसांनी येती?"

"दोन-तीन दिसांनी. कुणाची चौथ्या दिशी."

गंगासागरनं बोटं मोजली. सोमवार, मंगळवार, बुधवार. चौथ्या बोटावर ती थांबली.

"गुरुवारी माझं ग्राउंड हाय, काकू."

वच्छलाबाईच्या डोळ्यांसमोर मागचा महिना आला. मैदानावर पळता पळता पोर पोट धरून खाली बसली होती. ओकारी झाली, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि दोन मैत्रिणींनी तिला स्कूटीवर मधे बसवून घरी आणलं होतं. दोन दिवस पोर पाय पोटाशी घेऊन पडून होती. वच्छलाबाईनं तिला ओवा दिला होता आणि म्हणाली होती, "बाईच्या जातीला हे असतंच, बाई. बाळंतपण झालं की थांबतं." आपल्या आईनं आपल्याला सांगितलं होतं ते तसंच्या तसं.

"मग गुरुवारपर्यंत चालू ठेव की गोळ्या," द्वारकाबाई म्हणाली. "त्यात काय एवढं."

"माझ्यासंगं पळणाऱ्या एकीनं तेच केलं होतं. तिचं अंग जड झालं, मळमळायला लागलं. ज्या दिवशी मला आयुष्यात एकदा पळायचंय त्या दिवशी मी नवी गोळी खाऊन बघू काय?" पोर आवाज न चढवता बोलली. मग आईकडं वळली. "आई, न घेता आली तर शनिवारी येती माझी. मी लिहून ठेवते."

"कुठं लिहिती?"

गंगासागरनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. कारभारीच्या कंपनीचं ते कॅलेंडर वर्षभर तिथं होतं. त्यावर पेन्सिलीचे बारीक ठिपके वच्छलाबाईनं शंभरदा पाहिले होते. पोर सरावाचं काही मांडत असेल, असं तिला वाटायचं. आता तिनं चष्मा लावून पानं उलटली. दर महिन्याला पाच-पाच ठिपके. पहिल्यापासून पुढच्या पहिल्यापर्यंत कुठं एकोणतीस दिवस, कुठं तीस. आपली लेक इतकी घड्याळासारखी आहे आणि आपल्याला आज कळतंय, याचं तिला नवल वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "डॉक्टरणीकडं जाऊ."

"आता गं बया! एवढ्यासाठी डॉक्टरीण?" द्वारकाबाईचा चेहरा उतरला. "म्या काय वैरीण हाय का तिची?"

"तसं नाय गं द्वारके."

बाहेरून आवडाबाईंचा आवाज आला, "काय खुसपुस चालली गं आतमधी?"

"काय नाय, आत्याबाई. भाजी आणायला जाऊ राहिलो," वच्छलाबाई म्हणाली.

डॉक्टर नुजहत यांचा दवाखाना स्टेशनच्या रस्त्याला होता. एक बाकडं, एक पडदा, टेबलावर वजनकाटा. बाई पन्नाशीच्या, डोक्यावर ओढणी, मराठी अगदी आपल्या गल्लीतली बोलायच्या, मधेच दखनी घुसायची. गंगासागरनं भिंतीवरचं कॅलेंडरच गुंडाळून आणलं होतं. तिनं ते टेबलावर पसरलं तशा डॉक्टर खूश झाल्या.

"माशाल्ला! असे पेशंट मिळाले तर माझं अर्धं काम हलकं होईल. ताई, तुम्ही पाळी कुठून मोजता?"

"संपली की तिथनं," वच्छलाबाई म्हणाली.

"सगळ्या तेच सांगतात. रक्त दिसलं तो पहिला दिवस. तिथून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत एक फेरा. कुणाचा पंचवीसचा, कुणाचा पस्तीसचा. हिचा तीसचा." त्यांनी ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर पेन टेकवलं. "पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटतं. इकडं पिशवीत मऊ अस्तर तयार होत असतं. गर्भ राहिला तर त्याच्या कामाचं. नाही राहिला तर अस्तर सुटतं, रक्तासोबत बाहेर येतं. बस, इतनीच बात है."

"म्हणजी ते घाण नस्तं?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "घाण असती तर अल्लानं बच्चा त्यात ठेवला असता का, ताई?"

वच्छलाबाई ठिपक्यांकडं बघू लागली. पंचेचाळीस वर्षांची बाई, एक बाळंतपण, दोन गर्भ पडलेले, आणि हा साधा हिशेब आजवर कुणी तिला सांगितला नव्हता.

"आणि दुखतं काहून?" गंगासागरनं विचारलं.

"अस्तर बाहेर टाकायला पिशवी स्वतःला पिळते. धुणं पिळतो ना तशी. पिळण्यासाठी अंगातच एक रसायन तयार होतं. ते जास्त झालं की कळा जास्त, मळमळ, जुलाब, चक्कर. पहिले दोन दिवस त्याचा जोर. तुझं तिसऱ्या दिवशी कसं असतं?"

"तिसऱ्या दिवशी मी पळते."

डॉक्टरांनी आणखी पुष्कळ विचारलं. एरवी मधल्या दिवसांत दुखतं का, वर्षागणिक वाढत चाललंय का, कपडा किती वेळानं बदलावा लागतो, गाठी पडतात का. मग पोट तपासलं. पाळी पुढं ढकलायच्या गोळीचं त्यांनी नीट समजावलं. गोळी वाईट नाही, पण ती खडीसाखरेसारखी वाटायची वस्तू नाही. यायच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. कुणाच्या पायात रक्ताची गाठ झालेली असते, कुणाचं लिव्हर बिघडलेलं असतं, कुणाला दिवस गेलेले असतात. ते विचारल्याशिवाय द्यायची नसते. आणि महिन्याआड तर नाहीच नाही.

"तुमच्याकडं कोण देतं?"

"असंच, मेडिकलवरनं," वच्छलाबाई म्हणाली. जावेचं नाव तिनं घेतलं नाही.

डॉक्टर गंगासागरकडं वळल्या. "बेटा, गुरुवारपर्यंत ढकलायची म्हणलीस तर मी लिहून देऊ शकते. अंग जड होईलच असं नाही, पण होऊ शकतं. नाही म्हणलीस तर शनिवारी येईल, गुरुवारी सहावा दिवस. तू सांग."

पोरीनं आईकडं पाहिलंसुद्धा नाही. "माझी माझ्या वेळेला येऊ द्या. मला फक्त शनिवार-रविवार निभवायचा इलाज द्या."

दुखण्यावरची दुसरी गोळी मिळाली. डॉक्टरांनी बजावलं की कळ डोक्यात जाईपर्यंत वाट पाहायची नाही. सुरुवात झाली की दोन घास खाऊन लगेच घ्यायची, दिवसातून तीनदा, दोन दिवस. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी. पडून न राहता थोडं चालायचं. "आणि एवढं करूनही पुढच्या महिन्यात लोळावं लागलं तर माझ्याकडं ये, सोनोग्राफी करू. सहन करायचं नाही. सहन केल्याबद्दल पोलिसात कुणी मार्क देत नाही."

परतताना मायलेकी भाजी घ्यायची विसरल्या.

सांजेची आरती झाली. कारभारी शेंद्र्याच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून येऊन, हातपाय धुऊन देवासमोर बसला होता. वच्छलाबाईनं ठरवलं होतं की सासूबाईंना एकटीला गाठून हळूच सांगायचं. पण द्वारकाबाईनं ओट्यावरची पट्टी उचलून सगळ्यांदेखत विचारलं, "मग अक्का, उद्यापासून देऊ राहिली का नाय?"

"नाय," वच्छलाबाई म्हणाली. "आत्याबाई, गंगूला गोळी द्यायची नाय. दिली तर गुरुवारी ग्राउंडवरच तिला अडचण येती. शनिवारी येऊ द्यायची हाय."

आवडाबाई हळदीची वाटी हातात घेऊन तशाच राहिल्या. "शनिवारी? अन् रविवारच्याला माझा नैवेद्य? म्या देवाला शब्द दिला तो?"

"नैवेद्य तुम्ही दाखवा. नाय तर म्या दाखविते."

"माझ्या तोंडातनं गंगूचं नाव गेलंय. देवाशी बी आता अदलाबदल करायची का?"

"तेच म्हणले म्या," द्वारकाबाई सासूच्या बाजूला जाऊन बसली. "आमी काय घेत नाय का? दर साली घेतो. काय झालं आमाला? देव पहिल्यांदा ह्यांच्या दारात आले अन् यांना डॉक्टरणीचं पडलंय."

तो घाव बरोबर जागी बसला. वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. कारभारी मधेच उठला. बायांची ही बोलणी सुरू झाली की घरातला पुरुष चपला घालून बाहेर जातो, तसा तो दारापर्यंत गेला. एक चप्पल पायात घातली. मग काय वाटलं कोण जाणे, ती काढून परत येऊन बसला.

"माय," तो बापाची आठवण काढत म्हणाला, "आबाला तीनशे मेंढरांतली कोणती कवा फळली अन् कवा व्यायची, ते तोंडपाठ होतं. कुणी वही लिहिली नाय. न फळलेली मेंढी सतरा दिसांनी परत माजावर आली की कळपात कशी चालती ते मला दाखवायचे. म्या आठ वर्षांचा होतो. तवा कुणाला लाज वाटली नाय." तो लेकीकडं न बघता बोलत होता, कान तांबडे झाले होते. "अन् मपली पोर मागच्या महिन्यात भुईवर लोळली, तर मला घरात सांगितलं, तिला पित्त झालं. ग्राउंड तिचं हाय. ती म्हणंल तसं."

आवडाबाईंनी भाकरी खाल्ली, पण त्या सुनेशी बोलल्या नाहीत. द्वारकाबाईनं पट्टी परत पिशवीत टाकली आणि पिशवीची चेन जोरानं ओढली.

सकाळी वच्छलाबाई मेथी निवडत बसली होती. आवडाबाई स्नान करून आल्या, समोर बसल्या आणि अर्धी जुडी आपल्याकडं ओढून घेतली. दोघी पानं खुडू लागल्या.

"निजाम गेला, पोलीस ॲक्शन झाली, त्या साली म्या मायच्या पोटात होते," आवडाबाई एकदम म्हणाल्या. "तेराव्या वर्षी लगीन झालं. लगीन झालं तवा घर नव्हतं. मेंढरं, दोन कुत्री अन् एक घोडं. दिवाळी झाली की निघायचं, गोदाच्या कडं-कडंनं पार पैठणच्या खाली. आज इथं तळ, परवा तिथं."

"व्हय, आत्याबाई."

"घोड्यावर बिऱ्हाड. पातेली, वाकळा, कोकरं, कुणाचं ल्हान लेकरू. अन् त्याच घोड्यावर, पेटीमधी, हे देव." त्यांनी घटाकडं हात केला. "घोडं लादायचं काम बाईचं. मला अडचण आली तरी म्याच लादायची. दुसरं कोण होतं? तुझे सासरे मेंढरांमागं. अडचण हाय म्हणून बाजूला बसायचं तर बसू कुठं? रानात बाजू कोणती अन् आत कोणतं?"

वच्छलाबाईचा हात थांबला. सासूच्या तोंडून हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तेवढ्या वर्षांत देव एक दिस कोपला नाय. एक कोकरू लांडग्यानं नेलं नाय त्या पायी. मंग घर बांधलं, उंबरा आला. उंबरा आला तवा गावातल्या बायांनी शिकिवलं, असं करू नको, तसं करू नको, आपुन आता घरवाले झालो. म्या शिकले. बरं वाटायचं मला, चार बायांत बसायला मिळायचं." त्यांनी निवडलेली मेथी टोपलीत टाकली. "पोटात कळा यायच्या ना, तर म्या घोड्याच्या पाठीला पोट लावून उभी ऱ्हायची. ऊन असती पाठ त्याची. लई बरं वाटायचं."

"गंगूला गरम पाण्याची पिशवी सांगितली डॉक्टरणीनं."

"तेच ते." आवडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "नैवेद्य पोरीच्याच हातनं दाखवायचा. म्या देवाला पोरीचं नाव दिलंय, तारीख नाय दिली. पण डोक्यावरनं अंघोळ कर म्हणावं, एवढं ऐकावं लागंल मपलं. द्वारकीला म्या सांगते."

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला गंगासागर न्हाणीघरातून बाहेर आली आणि आईला म्हणाली, "आली." जणू पाहुणी ठरल्या गाडीनं यावी तसं. वच्छलाबाईनं आधीच भाकरी टाकली होती. पोरीनं दूध-भाकर खाल्ली, गोळी घेतली. कळा आल्या, आल्या नाहीत असं नव्हे. दुपारी तासभर ती ओठ दाबून, पोटावर पिशवी घेऊन पडली होती. पण ओकारी झाली नाही. चारच्या सुमाराला उठून ती गच्चीवर सावकाश फेऱ्या मारू लागली. खालून कारभारीनं वर पाहिलं आणि कुणालाच न विचारता चहाचं आधण ठेवलं. तेवीस वर्षांत त्यानं ठेवलेलं ते पहिलं आधण असावं, कारण साखर कुठं असते ते त्याला सापडेना.

रविवारी गावाहून द्वारकाबाईचा नवरा, सूर्यभान आला. वांग्यांचं भरीत झालं, बाजरीचे रोडगे भाजले, कांद्याची पात आली. पुरुषांनी तळी उचलली, "येळकोट येळकोट" झालं, भंडारा उधळला. मग आवडाबाईंनी नातीला हाक मारली. गंगासागर ओल्या केसांनी आली आणि तिनं नैवेद्याचं जड पितळी ताट उचललं. दोन पावलं टाकली असतील नसतील, तिच्या कपाळाला आठी पडली आणि ती जराशी वाकली. कळ होती.

द्वारकाबाई दारात हाताची घडी घालून उभी होती. बुधवारपासून ती मोजकं बोलत होती. पोर वाकली तशी ती पुढं झाली आणि ताटाच्या खाली हात लावला. "धर, धर," ती हळूच म्हणाली, "म्या हाय." दोघींनी मिळून ताट देवापुढं ठेवलं. पाणी फिरवलं ते गंगासागरनं. आवडाबाईंनी डोळे मिटून हात जोडले आणि नंतर सगळ्यांत आधी नातीच्याच कपाळाला भंडारा लावला.

गुरुवारी पहाटेच पोर मैदानाच्या फाटकातून आत गेली. आईबाप रस्त्यापलीकडं, चहाच्या गाडीशेजारी. आत शिट्ट्या वाजत होत्या, नंबर पुकारले जात होते, भिंतीमुळं काही दिसत नव्हतं. कारभारी मिनिटामिनिटाला घड्याळ पाही. वच्छलाबाईनं पाहिलं नाही. आज सहावा दिवस आहे, एवढंच ती मनाशी घोकत होती. पोरीच्या अंगाचं तिला आज ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यानं केवढा धीर येतो याचंच तिला राहून राहून आश्चर्य वाटत होतं.

अकराच्या पुढं गंगासागर बाहेर आली. गुडघ्याला माती, छातीवर नंबर.

"आठशे मीटरला रोजच्यापेक्षा चार सेकंद कमी लागले," ती म्हणाली. "गोळा बी बरा पडला. निकाल लागंल तवा लागंल. आई, मला लई भूक लागली."

तिनं तिथंच उभ्या उभ्या तीन समोसे खाल्ले.

शुक्रवारी सकाळी, ग्राउंडसाठी थांबलेली गावची मंडळी निघाली. गंगापूरच्या जीपा लागतात तिथं वच्छलाबाई त्यांना पोचवायला आली. सूर्यभान ड्रायव्हरजवळ बसला. आवडाबाई देव मांडीवर घेऊन मधल्या शिटावर बसल्या. जीप भरत आली होती. द्वारकाबाईनं एक पाय पायरीवर ठेवला आणि तशीच थांबली.

"अक्का."

"काय गं?"

"त्या डॉक्टरणीनं काय सांगितलं म्हणली होतीस? महिन्याआड घ्यायची नस्ती?"

"व्हय."

द्वारकाबाईनं आवाज अगदी खाली आणला. "माझी येती बंद केल्यावर, दोन-तीन दिसांनी, म्या म्हणते तशी. पण थांबत नाय, अक्का. बारा दिस, कधी पंधरा. जिना चढले की धाप लागती."

"कवापासून?"

"दोन साल झाले असतील." ती कसनुसं हसली. "सगळ्या जगाला म्या गोळ्या वाटती. म्या कुणाला विचारू?"

वच्छलाबाईनं जावेकडं नीट पाहिलं. सडपातळ, सडपातळ म्हणत होतो आपण. बाईच्या ओठांना रंग नव्हता, नखं पांढरी होती. दहा दिवस ही आपल्या घरात होती आणि आपण रुसवाच तेवढा पाहिला.

जीपमधून आवडाबाईंनी मान बाहेर काढली. "काय झालं गं? गाडी सुटू राहिली."

द्वारकाबाईनं डोळ्यांनीच खुणावलं, नको. वच्छलाबाईनं खूण पाहिली आणि जीपमधल्या नऊ-दहा माणसांदेखत सांगितलं, "द्वारकाला दवाखान्यात न्यायचंय, आत्याबाई. तिची पाळी बारा-पंधरा दिस थांबत नाय. अंगात रक्त ऱ्हायलं नसंल तिच्या."

ड्रायव्हर समोरच्या काचेकडं पाहू लागला. सूर्यभान शिटावरून अर्धा उठला. बायकोकडं वळला. "म्या... म्या येऊ का संगं?"

"नको, मायला एकटीला कसं सोडता," द्वारकाबाई पुटपुटली.

"मला काय धाड भरली?" आवडाबाई कडाडल्या. "देव हाय माझ्या मांडीवर. सूर्या, उतर खाली. अन् द्वारके, पाय काढ पायरीवरचा, कामून लटकली तिथं? ड्रायव्हरदादा, चल बाबा तू. दोन शिटा वाटंत भर."

जीप निघाली. धूळ बसली तेव्हा रस्त्याच्या कडेला तिघं उभी होती. सूर्यभाननं बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि ती कुठल्या खांद्याला लावावी अशा विचारात पडला. दवाखाना उघडायला अजून तास होता.

"काय खाल्लंय का सकाळपासून?" वच्छलाबाईनं विचारलं.

द्वारकाबाईनं नकारार्थी मान हलवली.

"मग आधी घरी चल. गरम भाकर टाकते, मग जाऊ," वच्छलाबाई म्हणाली, आणि तिनं जावेचा हात काखेत घेऊन रस्ता ओलांडला.